आतड्यांच्या आरोग्याची स्वपरीक्षण प्रश्नावली : ती कशी तयार करावी?

(शिक्षक, पंचायत सदस्य, आरोग्य कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मनुष्य आपल्या डोकेदुखीविषयी चारचौघांत बोलतो, गुडघ्याच्या दुखण्याची हकीकत शेजाऱ्याला सविस्तर सांगतो. परंतु शौचाविषयी विचारले की तोच मनुष्य अडखळतो. दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसल्यावरही "पोट जरा बरोबर नाही" एवढेच सांगून तो गप्प होतो. भीड ही भिकेची बहीण असे जुने लोक म्हणत. पोटाच्या बाबतीत ही भीड कधी कधी जिवावर बेतते. एखाद्या गृहस्थाला शौचावाटे रक्त जाऊ लागते. तो मूळव्याध समजून घरगुती उपाय करतो, वर्ष-दीड वर्ष कोणाला काही सांगत नाही आणि शेवटी वजन घटून अशक्तपणा आला म्हणजे रुग्णालयात जातो. ते रक्त मूळव्याधीचे असेल तर निभावते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे असेल तर मात्र जो काळ उपचाराचा होता तोच हातचा गेलेला असतो. अशी उदाहरणे गावोगावी आढळतात.

ही भीड मोडण्याचा एक साधा मार्ग म्हणजे स्वपरीक्षण प्रश्नावली. घरी, एकांतात, कोणी समोर नसताना मनुष्याने स्वतःलाच काही नेमके प्रश्न विचारावेत, उत्तरे कागदावर मांडावीत आणि गरज पडल्यास तोच कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा, ही त्यामागील कल्पना आहे. कल्पना सोपी वाटते. परंतु चांगली प्रश्नावली तयार करणे हे शिस्तीचे काम आहे. ती कशी तयार होते, कशी पारखली जाते आणि तिच्यावर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे.

प्रथम हेतू ठरवावा

प्रश्नावलीचे काम तीन प्रकारचे असू शकते. पहिला प्रकार चाळणीचा : कोणाला डॉक्टरांकडे जाण्याची गरज आहे, हे निवडून काढणे. दुसरा प्रकार निदानास साहाय्य करण्याचा आणि तिसरा, ज्याचे निदान झालेले आहे अशा रुग्णाच्या त्रासाचे माप घेण्याचा. एकाच कागदाने ही तिन्ही कामे होत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९९७ साली फ्रान्सिस, मॉरिस आणि व्होरवेल यांनी प्रसिद्ध केलेली मोजपट्टी या तिसऱ्या प्रकारातील होय. डॉक्टर ज्याला आय.बी.एस. म्हणतात त्या आतड्यांच्या क्षोभविकारासाठी ती आहे. तीत पाच प्रश्न असून प्रत्येकास १०० याप्रमाणे एकूण ५०० गुण आहेत. ७५ ते १७५ गुणांस सौम्य, १७५ ते ३०० गुणांस मध्यम व त्याहून अधिक गुणांस तीव्र त्रास समजतात. औषधाने उतार पडला की नाही हे त्यावरून कळते. परंतु रुग्णाला क्षोभविकारच आहे, अन्य काही नाही, हे ती मोजपट्टी सांगत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. खेड्यातील सर्वसाधारण माणसासाठी जी प्रश्नावली हवी, ती पहिल्या प्रकारची, म्हणजे चाळणीची. पुढील विवेचन त्याच प्रकाराला धरून आहे.

स्वाभाविक म्हणजे काय?

प्रश्न विचारण्यापूर्वी निरोगी माणसाचे पोट कसे चालते हे ठाऊक हवे. दररोज सकाळी ठरलेल्या वेळी एकदा शौचास होणे हेच निरोगीपण, अशी बहुतेकांची समजूत असते. १९६५ साली ब्रिटनमध्ये कारखान्यातील कामगार आणि सामान्य नागरिक यांच्या पाहणीत असे दिसले की ९९ टक्के लोक दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा या मर्यादेत बसतात. पुढे ब्रिस्टल शहरात सुमारे १,९०० स्त्रीपुरुषांची पाहणी झाली व ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. तीत चोवीस तासांची नियमित सवय पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ३३ टक्के एवढ्यांनाच असल्याचे आढळले. म्हणजे जो नियम समजला जातो, तो पाळणारे लोक अल्पसंख्य होते.

मात्र ही मापे जशीच्या तशी येथे आणून चालत नाही. भारतीय जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, तक्रार नसलेले बहुतेक भारतीय दिवसातून एक किंवा दोन वेळा शौचास जातात, असे दिसून आले. येथील आहारात धान्य, डाळी आणि भाज्या यांचा चोथा अधिक, हे त्याचे एक कारण मानले जाते. आता ज्या स्त्रीला वर्षानुवर्षे दिवसातून दोनदा शौचास होत असे, तिला ते एक दिवसाआड, तेही कष्टाने होऊ लागले तर ती त्रस्त होणारच. पाश्चात्त्य मापाने मात्र ती निरोगी ठरते, कारण आठवड्यातून तीन वेळांची मर्यादा तिने ओलांडलेली नसते. यास्तव केवळ "किती वेळा?" एवढे विचारून भागत नाही. जोर करावा लागतो का, शौचानंतर मोकळे वाटते का आणि पूर्वीच्या सवयीत फरक पडला आहे का, हेही विचारावे लागते.

लोकांच्या तोंडचे शब्द

प्रश्नावलीच्या कामातील सर्वांत नाजूक भाग शब्दांचा आहे. तज्ज्ञाने इंग्रजी प्रश्नावली घेतली, तिचा शुद्ध मराठीत अनुवाद केला आणि ती छापून वाटली, तर उत्तरे येतात. परंतु ती कोणत्या प्रश्नाची उत्तरे आहेत, हे सांगता येत नाही.

"जुलाब" हा शब्द घ्यावा. "जुलाब झाले" म्हणजे रोगाने पोट वाहिले आणि "जुलाब घेतला" म्हणजे पोट साफ होण्यासाठी रेचक घेतले. "महिन्यातून किती वेळा जुलाब?" असा अर्धवट प्रश्न विचारला, तर एक मनुष्य दुखण्याची संख्या सांगेल व दुसरा औषधाची. "पोट साफ होत नाही" या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात : अनेक दिवस शौचास होत नाही, शौचास होते पण फार जोर करावा लागतो, किंवा सहज होते पण काही उरल्यासारखे वाटते. "बाहेर जाणे" हा शौचासाठी वापरला जाणारा सभ्य शब्दप्रयोग. परंतु "बाहेरची" हा शब्द कित्येक घरांत मासिक पाळीसंबंधी वापरला जातो, त्यामुळे स्त्रियांना विचारताना तेथे घोटाळा संभवतो. "पित्त" म्हणजे कोणाची आंबट ढेकर, कोणाची उलटी, तर कोणाच्या अंगावर उठलेल्या गांधी.

"गॅस" हा शब्द तर धोक्याचाच म्हटला पाहिजे. पोट फुगले तरी गॅस, छातीत जळजळले तरी गॅस आणि छातीत दडपले तरी गॅसच. हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य "गॅस झाला" म्हणून सोडा पिऊन पडून राहतो, असे घडते. म्हणून पोटाच्या प्रश्नावलीत "गॅस होतो का?" असे कधीही विचारू नये. पोट फुगल्यासारखे वाटते का, असे विचारावे. आणि छातीत दडपण येऊन घाम सुटला, तर तो पोटाचा विषय न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे, हे तेथेच छापावे.

ही अडचण केवळ मराठीची नाही. आतड्यांच्या कार्यविकारांसाठी रोम निकष या नावाने ओळखले जाणारे नियम जगभर वापरले जातात. २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली, तेव्हा क्षोभविकाराच्या व्याख्येतून "अस्वस्थता" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वगळून "वेदना" एवढाच शब्द ठेवण्यात आला. अनेक भाषांत त्या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही व लोक त्याचे निरनिराळे अर्थ घेतात, हे त्यामागील एक कारण होते. जगभरच्या तज्ज्ञांना एका शब्दापायी व्याख्या बदलावी लागली, यावरून शब्दाचे मोल ध्यानात येईल.

म्हणून प्रश्न लिहिण्यापूर्वी ऐकण्याचे काम करावे. रुग्ण, दाई, अंगणवाडी सेविका, परिचारिका, वैद्य व शेतकरी यांच्याशी बोलून शब्द टिपावेत. "परसाकडे", "झाड्याला", "शौचाला", "संडासला". "हगवण", "ढाळ", "आव". "कळ", "मुरडा", "तडस", "गुबारा" यांपैकी कोणता शब्द कोणत्या भागात, कोणत्या वयाच्या माणसांत आणि नेमक्या कोणत्या अर्थाने चालतो, याची वही करावी. गोव्यातील मराठी वाचकाच्या घरात कोंकणी बोलली जाते, बेळगावकडे कानडीचा शेजार आहे, तर इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली असते. एका ठिकाणी पारखलेली प्रश्नावली दुसरीकडे नेताना शब्दांची पारख पुन्हा करावी.

प्रश्नांची बांधणी

शब्द हाती आल्यावर प्रश्न लिहावेत. त्याचे काही नियम अनुभवाने ठरलेले आहेत.

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. "आपणास पोटदुखी व पोट फुगण्याचा त्रास होतो का?" या प्रश्नाला ज्याचे पोट फुगते पण दुखत नाही, त्याने काय उत्तर द्यावे?

उत्तर सुचविणारा प्रश्न नसावा. "आपण भरपूर भाजीपाला खाता ना?" असे शिक्षकाने विचारले, तर नाही म्हणणारा विद्यार्थी विरळाच.

"कधीकधी", "वारंवार", "बऱ्याचदा" असे शब्द टाळून दिवस मोजावेत. एकाचे "कधीकधी" महिन्यातून एकदा असते, तर दुसऱ्याचे आठवड्यातून चारदा. रोम निकषांतही वेदना मागील तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून किमान एक दिवस असावी, असे दिवसाचेच माप ठेवलेले आहे.

स्मरणाचा काळ आखूड व खुणेचा असावा. "मागील सात दिवसांत" यापेक्षा म्हापशाच्या परिसरात "गेल्या शुक्रवारच्या बाजारापासून आजपर्यंत" असे म्हटले तर हिशेब चटकन लागतो. प्रत्येक भागात असा एखादा बाजाराचा वार असतोच.

शेवटचा नियम, जेथे शब्द थकतात तेथे चित्र द्यावे. ब्रिस्टल येथील डॉ. लुईस व डॉ. हीटन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला मलाच्या सात प्रकारांचा तक्ता आज जगभर वापरला जातो. पहिला प्रकार लेंड्यांसारख्या सुट्या, कठीण गोळ्यांचा. दुसरा, गोळे एकमेकांस चिकटून झालेला गाठाळ लांबोडा. तिसरा, वर भेगा असलेला. चौथा, मऊ, गुळगुळीत व अखंड. पाचवा, मऊ पण कडा स्पष्ट असलेले तुकडे. सहावा, कडा फाटलेला, पातळसर. आणि सातवा, निव्वळ पाणी. पहिले दोन प्रकार बद्धकोष्ठाकडे झुकतात, तिसरा व चौथा स्वाभाविक समजतात आणि शेवटचे दोन अतिसाराकडे झुकतात.

हा तक्ता कसा पारखला, तेही सांगण्याजोगे आहे. त्या दोघांनी ६६ व्यक्तींच्या आतड्यांतून अन्न पुढे सरकण्यास किती काळ लागतो हे मोजले. मग काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी जी सोनामुखी, तिच्यापासूनचे रेचक देऊन तो काळ कमी केला, आणि लोपेरामाइड हे मलाची गती मंद करणारे औषध देऊन तो वाढविला. काळ बदलला तसा मलाचा प्रकारही बदलला. म्हणजे घरी बसून पाहिलेले चित्र आतड्याच्या गतीची बरीच विश्वसनीय खबर देते, हे प्रयोगाने दिसले.

मराठीत हा तक्ता आणताना उपमा जपून निवडाव्यात. परकीय तक्त्यांत खाद्यपदार्थांच्या उपमा येतात, त्या वाचून येथील वाचकाला किळस येते व तो कागद बाजूला ठेवतो. शेळीच्या लेंड्या, भेगाळलेली चिकणमाती, गढूळ पाणी अशा स्वयंपाकघराबाहेरच्या उपमा खेड्यातील माणसाला तत्काळ उमगतात आणि त्याच्या जेवणाचा अपमानही करीत नाहीत.

धोक्याच्या चिन्हांना गुण नसतात

प्रश्नावली तयार करणारे बहुधा एक चूक करतात. प्रत्येक उत्तराला गुण देतात, शेवटी बेरीज करतात आणि अमुक गुणांखाली "आपले आरोग्य उत्तम" असे छापतात. समजा, एखाद्याचे पोट रोज नियमित साफ होते, दुखत नाही, फुगत नाही. फक्त गेल्या महिन्यापासून शौचात रक्त दिसते. दहा प्रश्नांपैकी एकाच प्रश्नात त्याचे गुण वाईट येतील आणि बेरजेत तो उत्तम ठरेल. ज्याला सर्वांत आधी डॉक्टरांकडे पाठवावयाचे, त्यालाच कागद घरी बसवील.

म्हणून धोक्याच्या चिन्हांचा भाग वेगळा असावा व तो बेरजेत घेऊ नये. त्यातील एकाही प्रश्नाला "होय" असे उत्तर आले, तर बाकीची उत्तरे काहीही असोत, डॉक्टरांकडे जावे. येथेही प्रश्न शहाणपणाने विचारावेत. काळा मल हे वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याचे चिन्ह असू शकते. परंतु लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर स्त्रीचा मलही काळा होतो. बीट खाल्ल्यावर तांबडेपणा दिसतो. म्हणून रंगाच्या प्रश्नाखाली गोळ्यांचा व खाण्याचा प्रश्न जोडावा; मात्र शंका राहिल्यास तपासणी करूनच घ्यावी. भारतात आतड्यांचा क्षयरोगही आढळतो. त्याची पोटदुखी, सायंकाळचा ताप व घटते वजन ही लक्षणे सामान्य तक्रारींत लपून जातात. परदेशी प्रश्नावलीत त्याला फारसे स्थान नसते. येथील प्रश्नावलीत ते असलेच पाहिजे.

पारख

मसुदा तयार झाला की तो प्रथम जाणकारांना दाखवावा : जठरांत्रतज्ज्ञ, ग्रामीण भागातील डॉक्टर, परिचारिका, भाषाशिक्षक आणि एखादा जुना रुग्ण. प्रत्येक प्रश्न आवश्यक आहे की नाही, हे त्यांनी स्वतंत्रपणे सांगावे. अनुवादित प्रश्न असल्यास मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा मूळ भाषेत करून घ्यावेत व दोन्ही ताडून पाहावेत.

त्यानंतर मसुदा दहा-पंधरा ग्रामस्थांपुढे ठेवावा. येथे उत्तर महत्त्वाचे नसते. प्रश्न वाचून तो आपल्या शब्दांत सांगण्यास त्यांना सांगावे. "या प्रश्नात काय विचारले आहे?" एवढ्या एका विचारणेने बहुतेक दोष उघडे पडतात. शिक्षकांना ही पद्धत नवी नाही. धडा समजला की नाही हे पाहण्यासाठी ते हेच करीत आले आहेत.

मग विश्वसनीयता पाहावी. त्याच माणसांना सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा तोच कागद द्यावा. प्रकृतीत फरक पडला नसेल, तर उत्तरेही बहुतांशी तीच यावीत. अंतर फार थोडे ठेवले तर माणूस जुनी उत्तरे आठवून लिहितो आणि फार ठेवले तर पोटाची स्थितीच बदललेली असते. एकाच विषयाचे प्रश्न परस्परांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा गुणक वापरतात. तो ०.७ किंवा अधिक असावा, असा संकेत आहे. मात्र एकच प्रश्न पाच प्रकारे विचारला तरी हा आकडा वाढतो, हे विसरू नये.

शेवटची कसोटी यथार्थतेची. प्रश्नावलीने निवडलेले व न निवडलेले अशा दोन्ही गटांतील लोकांना डॉक्टरांनी तपासावे आणि कागदाचे म्हणणे खरे किती, ते पाहावे. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. समजा, एका गावात १,००० प्रौढ व्यक्ती आहेत व त्यांपैकी ५० जणांना खरोखरच उपचाराची गरज आहे. प्रश्नावली आजारी माणसांपैकी ९० टक्के बरोबर हेरते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते, असे धरू. मग ५० पैकी ४५ जण हेरले जातील व ५ निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १९० जणांना विनाकारण डॉक्टरांकडे पाठविले जाईल. एकूण २३५ जण आरोग्य केंद्रापुढे उभे राहतील, त्यांत खरे रुग्ण ४५, म्हणजे पाचांत एकाहूनही किंचित कमी.

या हिशेबातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. कागदाने "जा" म्हटले म्हणून घाबरू नये. कागदाने "जाऊ नका" म्हटले तरी त्रास असेल तर जावे, कारण ते पाच निसटलेले लोक गावातलेच आहेत. आणि अधिकाऱ्यांनी प्रश्नावली वाटण्यापूर्वी त्या २३५ जणांना तपासण्याची तजवीज करावी. चाळणी लावली आणि पुढे दवाखान्यात डॉक्टर नाही, अशी स्थिती असेल तर लोकांची केवळ काळजी वाढते.

नमुना मसुदा

वरील तत्त्वांना अनुसरून एक मसुदा खाली दिला आहे. तो प्रौढांसाठी आहे व अद्याप पारखलेला नाही. त्याची पारख त्या त्या भागात व्हावयाची आहे.

भाग पहिला : मागील सात दिवसांसंबंधी

१. या सात दिवसांत एकंदर किती वेळा शौचास झाले? आपल्या नेहमीच्या सवयीपेक्षा हे कमी आहे, अधिक आहे की तेवढेच आहे?
२. चित्रातील सात प्रकारांपैकी कोणता प्रकार बहुतेक वेळा दिसला?
३. किती दिवस शौचाच्या वेळी फार जोर करावा लागला?
४. किती दिवस शौचाहून आल्यावर काही उरल्यासारखे वाटले?
५. किती दिवस शौचाची घाई होऊन धावावे लागले?
६. किती दिवस पोट दुखले? शौचानंतर दुखणे कमी झाले, वाढले की तसेच राहिले?
७. किती दिवस पोट फुगल्यासारखे वाटले?
८. पोट साफ होण्यासाठी किंवा जुलाब थांबण्यासाठी औषध, चूर्ण वा काढा घेतला का? कोणता?
९. शौचाची इच्छा झाली असता जागा किंवा पाणी नसल्यामुळे ती किती दिवस दाबून धरावी लागली?
१०. पोटाच्या तक्रारीमुळे किती दिवस काम बुडाले?

भाग दुसरा : धोक्याची चिन्हे (होय किंवा नाही)

१. मागील तीन महिन्यांत शौचातून रक्त पडले का?
२. मल डांबरासारखा काळा झाला का? त्या वेळी लोहाच्या गोळ्या चालू होत्या का?
३. प्रयत्न न करता वजन घटले किंवा कपडे सैल होऊ लागले का?
४. शौचासाठी किंवा पोटदुखीमुळे रात्री झोपेतून उठावे लागते का?
५. दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप येत आहे का?
६. वय पन्नासच्या पुढे असून शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली आहे का?
७. आईवडील किंवा भावंडे यांपैकी कोणास मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का?
८. अंगात रक्त कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे का?

कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत पुढील सूचना असावी : पोटात असह्य वेदना व उलट्या होऊन शौच व वायू दोन्ही बंद झाले असतील, रक्त फार जात असेल, किंवा जुलाबांनी मनुष्य, विशेषतः मूल, मलूल होऊन डोळे खोल गेले असतील, तर हा कागद भरीत बसू नये. जुलाब होत असताना रुग्ण शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी पाजत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कागदाच्या मर्यादा आणि शासनाची जबाबदारी

काही विकार प्रश्नांना सापडतच नाहीत. पोटातील जंत बरेचदा काही लक्षण दाखवीत नाहीत. म्हणूनच २०१५ सालापासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना, कोणाला जंत आहेत याची चौकशी न करता, सरसकट अल्बेंडाझोलची गोळी देण्याची योजना झाली. आतड्याच्या आतील मांसल कोंबही आरंभी मुके असतात. प्रश्नावलीने तपासणीची जागा घेऊ नये.

दुसरी बाब गुप्ततेची. भरलेला कागद भरणाऱ्याचा असतो. तो शाळेच्या टेबलावर पडून राहू नये, ग्रामसभेत वाचला जाऊ नये आणि पाहणीसाठी गोळा करावयाचा झाल्यास संमती घेऊन, नावाशिवाय घ्यावा. ज्याला वाचता येत नाही त्याला तो घरच्या माणसाने वाचून दाखवावा की परिचारिकेने, हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्यावे. सुनेच्या पोटाचे प्रश्न सासूदेखत विचारले तर खरी उत्तरे मिळणार नाहीत.

तिसरी बाब अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नमुन्यातील नववा प्रश्न पुन्हा पाहावा. शाळेतील मुली, बाजारात दिवसभर बसणाऱ्या विक्रेत्या, शेतमजूर स्त्रिया आणि खुद्द कित्येक शिक्षिका स्वच्छ शौचालय नसल्यामुळे तासन्‌तास वेग दाबून धरतात व त्यासाठी पाणीही कमी पितात. पुढे त्यांना बद्धकोष्ठ जडते आणि त्यावर त्या चूर्ण घेत राहतात. येथे दोष आतड्याचा नसून इमारतीचा व नळाचा आहे. एखाद्या शाळेतून वा बाजारातून आलेल्या कागदांवर या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा "पाच दिवस", "सहा दिवस" असे येऊ लागले, तर औषध पाठविण्याऐवजी बांधकाम व पाणीपुरवठा खात्याला पत्र लिहावे लागेल.

आहारासंबंधी थोडेसेच सांगणे पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे आणि किमान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथा असावा, अशी शिफारस केली. नाचणी, कुळीथ, अळसांदे, पालेभाज्या व हंगामी फळे हे पदार्थ त्यासाठी येथील शेतामळ्यांतच पिकतात. मात्र धोक्याचे चिन्ह दिसत असताना आहार सुधारून वाट पाहणे हा शहाणपणा नव्हे.

सारांश, आतड्यांच्या आरोग्याची प्रश्नावली म्हणजे जे बोलण्याचा संकोच वाटतो ते नेमक्या शब्दांत व मोजून बोलण्याची सोय होय. तिचे शब्द गावातून घ्यावयाचे, तिची पारख गावात करावयाची आणि तिच्यामागे तपासणीची व्यवस्था गावाजवळ उभी करावयाची. शिक्षकांनी शब्द पारखावेत, परिचारिकांनी विश्वास संपादावा, अधिकाऱ्यांनी सोय करावी आणि ग्रामस्थांनी भीड सोडावी. एवढे घडले, तर मूळव्याध समजून दीड वर्ष गप्प बसणारा तो गृहस्थ पहिल्याच महिन्यात हा कागद हाती घेऊन आरोग्य केंद्राची पायरी चढेल. प्रश्नावलीचे यश त्यातच आहे.